जी-नाईन म्हणजे 'मोठी बुटकी' : खान्देशातून फ्रेंच शिकायला गेलेल्यांचा (आणि जाणाऱ्यांचा) धागा

मृगबाग

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातली, घरी केळी, सध्या पुण्यात फ्रेंचमध्ये एमएच्या दुसऱ्या वर्षाला. मागे इथेच कुणीतरी विचारलं होतं, "खान्देशातल्या पोरापोरींनी फ्रेंच शिकून करायचं काय, तापीवर पॅरिस वसवायचं का?" बरेच जण हसले. मीही हसले, विनोद बरा होता. पण उत्तर लिहायला बसले तर लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा काढला.

आमच्याकडे आजोबांच्या काळात बसराई जातीची केळी होती, मग 'श्रीमंती' ही जात आली, आता जिकडेतिकडे जी-नाईन. लहानपणी मला ते एखाद्या इंजिनाच्या मॉडेलचं नाव वाटायचं. गेल्या दिवाळीला घरी गेले तेव्हा केळीच्या कांदेबागेची लागवड उरकली होती. टिश्यू कल्चरच्या रोपांचे रिकामे ट्रे बांधावर पडले होते आणि एका खोक्यावर पूर्ण नाव छापलेलं होतं: ग्रँड नैन. मी तिथेच फतकल मारली. हे तर फ्रेंच! उच्चार 'ग्राँद नेन'. ग्राँद म्हणजे मोठी, नेन म्हणजे बुटकी. मोठी बुटकी. बाबांना सांगितलं. ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवता फिरवता त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे इतके वर्सं आपन फ्रेंच लावून राह्यलो, अन् तुले ते पुन्याले जाऊन समजलं?"

माझी वाट सरळ नव्हती. जळगावला इंग्रजी घेऊन बीए केलं. मग पुण्यात नोकरी, आणि संध्याकाळी सर्टिफिकेट, डिप्लोमा, त्याच्या वरचा डिप्लोमा, असं करत करत एमए. वर्गात बरीचशी मुलं शाळेपासून फ्रेंच घेतलेली. (पुण्या-मुंबईत अकरावी-बारावीला फ्रेंच 'स्कोअरिंग' म्हणून घेतात, हे मला पदवी झाल्यावर कळलं. आमच्याकडे स्कोअरिंग म्हणजे पीटी.) मध्ये एका खासगी क्लासलाही जात होते. तिथल्या बाईंनी माझं वाचन ऐकून सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्याकडे न आणि ण मध्ये फरक करत नाहीत ना? मग फ्रेंच कसं जमणार?" फ्रेंचमध्ये 'ण' नाहीच, हे मला तेव्हा सुचलं नाही. वर्षभराने सुचलं, रिक्षात.

उच्चाराचं म्हणाल तर आपल्याला दोनच गोष्टींचा घाम फुटतो. एक त्यांचा 'यू': तोंडाचा आकार 'ऊ'चा ठेवायचा आणि आतून 'ई' म्हणायचं. दुसरा त्यांचा 'र', जो जिभेच्या शेंड्यावर नाही तर घशात वाजतो, उर्दूतल्या ग़च्या शेजारी. बाकी शेवटची अक्षरं लिहायची आणि गिळायची, आणि पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की गिळलेलं परत बाहेर काढून त्याला जोडायचं. पाणिनी वाचलेल्या देशात संधी समजायला फार वेळ लागत नाही. लिंगं दोनच आहेत, आपल्याकडे तीन. एक तर कमीच झालं. तू आणि तुम्हीचा फरक आपल्याला आयताच येतो, इंग्रजीवाल्यांना तो वर्षभर छळतो.

पहिल्या वर्षाच्या पुस्तकातले लोक मात्र मला परके वाटायचे. ते सारखे बेकरीत जातात, पाव घेतात, मेट्रोची तिकिटं काढतात आणि रविवारी संग्रहालयात जातात. 'तुमच्या गावातल्या एका पदार्थाविषयी बोला' असा तोंडी परीक्षेला प्रश्न आला तेव्हा मी भरीत घेतलं. काट्यांवर भाजलेली वांगी, बडगीत ठेचलेली, शेतातली भरीत पार्टी, सोबत कळण्याची भाकरी. वांग्याला फ्रेंचमध्ये 'ओबेर्जीन'. परीक्षक बाई थांबल्या आणि म्हणाल्या, या शब्दाचा माग काढून बघ. काढला. फ्रेंचमध्ये तो कातालान भाषेतून आला, तिथे अरबीतल्या 'अल-बादिंजान'वरून, अरबीत फारसीतून, आणि फारसीत आपल्याकडच्या 'वातिंगण'सारख्या शब्दावरून. त्याच 'वातिंगण'चं मराठीत झालं 'वांगं'. म्हणजे ओबेर्जीन ही आपल्याच वांग्याची परदेशात वाढलेली पुतणी. मला त्या परीक्षेत चांगले मार्क पडले. भरिताला पडले, असं आई म्हणते.

आता तुमचं येऊ द्या. कुणी शिकलंय, शिकतंय, सोडलंय, सगळ्यांनी लिहा.

जंक्शन

मी भुसावळचा, त्यामुळे माझा किस्सा रेल्वेचाच असणार.

फ्रेंचमध्ये 'मी जेवतो' आणि 'मी जेवतोय' यांना क्रियापदाचं एकच रूप. 'आत्ता चालू आहे' असं ठासून सांगायचं तर म्हणायचं 'ज स्वी आँ त्रँ द माँजे'. लिहिताना त्यात 'ट्रेन' हा शब्द अक्षरशः दिसतो. पहिल्या चाचणीत मी भाषांतर केलं: 'मी ट्रेनमध्ये जेवत आहे.' सरांनी विचारलं, ट्रेन कुठून आली? म्हटलं, सर, आमच्या घरात निम्मी माणसं ट्रेनमध्येच जेवतात.

पण गंमत बघा. पुस्तकी मराठीत शिकवलं तेव्हा हे डोक्यात बसेना. मग एक दिवस लक्षात आलं, हे तर आपलं 'जेवून राह्यलो'! जेवतो वेगळं आणि जेवून राह्यलो वेगळं. तेव्हापासून चुकलो नाही.

अहिराणी_झेंडा

तिकडे रावेर-यावलला 'जेवून राह्यलो', आमनाकडे 'जेवी राह्यनू'. ताई, धागा भारी शे. फक्त एक: लेवा बोली आणि अहिराणी एकच समजू नका कुणी, पुढे भांडण नको.

मृगबाग

@अहिराणी_झेंडा, मी लेवाच बोलते, आणि अमळनेरची मैत्रीण मला रोज हा फरक शिकवते. भांडण नाही.

धुळेकर_बापू

पोरी, लिहिलंस झकास. वांग्याची पुतणी विशेष आवडली. पण माझा प्रश्न जुनाच. माझा नातू म्हणतो मला बीए फ्रेंच करायचंय, त्याच्या बापाने डोकं धरलंय. यावर पोट भरतं का? खरं सांगा, ब्रोशरमधलं नको.

जंक्शन

बापू, मी सांगतो, कारण माझं भरतंय.

पुण्यात एका कंपनीत फ्रान्स आणि बेल्जियमच्या ग्राहकांची बिलं आणि त्यावरच्या तक्रारी बघतो. नोकरीला लागलो तेव्हा बी-टू झालेलं होतं. ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू अशा सहा पायऱ्या आहेत. पहिल्या चारांच्या परीक्षेला डेल्फ म्हणतात, वरच्या दोनांच्या दाल्फ. आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत देता येते, पुण्याला आहे, मुंबईलाही. डेल्फला ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी 25 मार्क. एकूण 50 ला पास, पण एकाही भागात 5 च्या खाली गेलात तर एकूण कितीही असोत, नापास. आपली पोरं ऐकण्यात मार खातात, लिहिण्यात नाही. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. कॅनडाला जायचं असेल तर मात्र वेगळी परीक्षा, टेफ किंवा टीसीएफ, आणि तिचा निकाल दोनच वर्षं धरतात.

अमेरिकेच्या कॉल सेंटरसारखी रात्रभर जागरणं नाहीत. फ्रान्स उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे दुपारी जा, रात्री झोपायला घरी या.

आता कडू भाग. ए-टूवर थांबलेल्याला कुणी विचारत नाही. 'थोडंसं फ्रेंच येतं' याला बाजारात किंमत शून्य. एक तर बी-टूच्या वर जा, नाहीतर सोबत दुसरं काहीतरी ठेवा: अकाउंट्स, कोडिंग, फार्मा, काहीही. नुसत्या बीएवर नोकरी मिळेल या भरवशावर नातवाला सोडू नका. एमए करून शाळेत शिकवणारेही माझ्या ओळखीचे आहेत, समाधानी आहेत, श्रीमंत नाहीत.

धुळेकर_बापू

हे असं सांगणारं कुणी भेटत नाही रे भो. नातवाला दाखवतो. त्याच्या बापाला शेवटचा परिच्छेद दाखवतो.

कोथरूडची

धागा छान आहे, पण थोडं स्पष्ट लिहिते. फ्रेंच साहित्य म्हणजे शेकडो वर्षांची परंपरा आहे. केळी आणि वांगी यातून गंमत येते, अभ्यास होत नाही. आधी फ्रान्सची भाषा, इतिहास, अभिजात साहित्य पक्कं करावं, 'फ्रँकोफोन', म्हणजे फ्रान्सबाहेरचं फ्रेंच वगैरे नंतर. आजकाल सगळेच सेनेगल आणि कॅरिबियन करत सुटलेत, कारण त्यावर प्रबंध लवकर मान्य होतो. आणि बोलीभाषेतून व्याकरण समजून घेण्याचा मोह टाळावा. मी सातवीपासून शिकले, थेट फ्रेंचमध्येच विचार करायला शिकवलं होतं आम्हाला.

मृगबाग

@कोथरूडची, अभिजात साहित्याला माझा विरोध नाही, पेपर आहे आणि तो मला आवडतो. प्रबंध लवकर मान्य होतो हे खरं असेल तर माझा का अडकलाय ते विचारायला हवं.

पण 'नंतर'विषयी बोलते. आकडे घ्या. 90 ला फ्रान्समध्ये म्हणतात 'कात्र-व्हँ-दीस', चार-वीस-दहा. वर्गात यावर सगळे कपाळ बडवत होते, हे कसलं मोजणं म्हणून. मी गप्प होते, कारण आमच्या आजीचं मोजणं असंच: तीन ईसा, चार ईसा न धा (ईसा म्हणजे वीस). बेल्जियममध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये त्याच 90 ला सरळ 'नोनाँत' म्हणतात, 70 ला 'सेप्ताँत'. मग 'खरं' फ्रेंच कुठलं? जंक्शन रोज बेल्जियमचे आकडे ऐकतो, त्याला विचारा, 'नंतर' शिकून चालेल का.

शिवाय 'फ्रान्सची भाषा' ही गोष्टच वाटते तितकी जुनी नाही. क्रांतीच्या काळात, 1794 मध्ये, आबे ग्रेग्वार नावाच्या माणसाने संसदेपुढे अहवाल ठेवला. त्याच्या हिशेबाने देशात शुद्ध फ्रेंच बोलणारे 30 लाखांपेक्षा जास्त नव्हते, आणि किमान 60 लाखांना ते येतच नव्हतं. बाकीचे ब्रेतों, ऑक्सितान, बास्क, आल्सेसमधली जर्मन बोली, असं काय काय बोलत होते. या सगळ्यांना एकच शब्द: 'पात्वा', म्हणजे गावंढळ बोली. आणि अहवालाचा विषय काय, तर हे पात्वा नष्ट कसे करावेत.

पुढे शाळा आल्या. ब्रिटनी प्रांतात मूल ब्रेतों बोलताना सापडलं की त्याच्या गळ्यात एक वस्तू अडकवत, कुठे लाकडी खडावाचा तुकडा, कुठे आणखी काही. मुलाने दुसऱ्या बोलणाऱ्याला पकडून दिलं की ती त्याच्या गळ्यात जायची. दिवस संपताना ती ज्याच्याकडे असेल त्याला शिक्षा. त्या वस्तूला 'सिंबोल' म्हणत. तीच पद्धत पुढे पश्चिम आफ्रिकेतल्या वसाहतींच्या शाळांत गेली. तिथे मुलं वोलोफ, बांबारा बोलताना पकडली जायची.

हे वर्गात वाचलं त्या दिवशी मला पाचवी आठवली. आमच्याकडे गळ्यात काही अडकवत नव्हते. फळ्याच्या कोपऱ्यात 'मले-तुले' लिहून त्याखाली नावं लिहायचे, बस. चार रुपये दंड झाला होता मला एका आठवड्यात. त्या पैशांचा खडू यायचा, असं सांगायचे. वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या, सातवीपासून थेट फ्रेंचमध्ये विचार करणाऱ्या मुलीला तो उतारा 'इंटरेस्टिंग' वाटला. मला फळा दिसला. याला कुणी अभ्यास म्हणत नसेल तर न म्हणो.

कोथरूडची

ते आकड्यांचं मान्य. फळ्याचं वाचून वाईट वाटलं. मी 'इंटरेस्टिंग'वाली मुलगी नाही, पण असते तर तेच म्हणाले असते बहुतेक.

अहिराणी_झेंडा

ताई, रडाले लावस का. आमच्याकडे शाळेत 'आहे'ला 'शे' म्हटलं की मास्तर म्हणायचे, 'शे म्हणजे शंभर, नीट बोल.'

सोंडकिडा

कृषी पदवीधर, मुक्काम चोपडा, नाव बघून घाबरू नये. जी-नाईनवर थोडी भर घालतो. ती कॅव्हेंडिश गटातली. बसराई ज्या जातीशी जोडतात, त्या ड्वार्फ कॅव्हेंडिशला फ्रेंच नाव आहे 'पतित नेन', छोटी बुटकी. तिच्यापेक्षा उंच म्हणून ही मोठी बुटकी. म्हणजे आजोबांच्या बागेतही फ्रेंचच होतं, फक्त एक नंबर कमी उंचीचं. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी नाव फ्रेंचच.

तुम्ही अभ्यासक्रमात मार्टिनिक वगैरे शिकता का? तिथे केळीच आहे असं ऐकून आहे.

मृगबाग

@सोंडकिडा, तुमचं नाव बघून घाबरायचं कारण मला जरा जास्तच आहे. वाचा.

मार्टिनिक आणि ग्वादलुप ही कॅरिबियनमधली दोन बेटं. आधी वसाहती, 1946 पासून फ्रान्सचे जिल्हे. पॅरिसला जसं मतदान तसं तिथे, चलन युरो. त्या 1946 च्या कायद्याचा प्रस्ताव संसदेत मांडणारा होता एमे सेझेर: कवी, आणि 1945 पासून 2001 पर्यंत मार्टिनिकच्या राजधानीचा महापौर. आमच्या पेपरात त्याची कविता आहे. तो आणि सेनेगलचा सेंघोर पॅरिसमध्ये विद्यार्थी असताना भेटले आणि काळेपण ही लाजेची नाही, अभिमानाची गोष्ट आहे हे त्यांनी फ्रेंचमध्येच लिहून दाखवलं. सेंघोर पुढे सेनेगलचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला आणि 1983 मध्ये फ्रेंच अकादमीत निवडून गेला. तिथे पोचलेला तो पहिला आफ्रिकन.

पण मला ज्यावर प्रबंध करायचाय ते कवितेत नाही, केळीत आहे. या बेटांवर केळीच्या खोडाच्या बुंध्यात सोंडकिडा पडायचा, फ्रेंचमध्ये 'शाराँसाँ'. त्यावर 1972 पासून क्लोरडेकोन नावाचं कीटकनाशक वापरात आलं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या त्याच्या कारखान्यात 1975 मध्ये कामगारांना विषबाधा झाली, कारखाना बंद पडला. फ्रान्सने 1990 मध्ये बंदी घातली. बेटांवर मात्र खास परवानगीने ते 1993 पर्यंत चालू राहिलं. ते मातीत शेकडो वर्षं टिकतं. आज दोन्ही बेटांवरच्या 90 टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या रक्तात ते सापडतं. कंदमुळं लावताना माती तपासून घ्यावी लागते, किनाऱ्यालगतच्या काही पट्ट्यांत मासेमारी बंद आहे. लोक कोर्टात गेले. जानेवारी 2023 मध्ये पॅरिसच्या न्यायाधीशांनी, खटला चालवता येत नाही म्हणून प्रकरण बंद केलं. लोक रस्त्यावर आहेत, लेखक लिहितायत, गाणी आहेत, काही क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचपासून तिथेच घडलेल्या लोकभाषेत.

हे सगळं वर्गात 'पर्यावरण आणि साहित्य' या घटकात दीड तासात झालं. सगळ्यांनी टिपणं घेतली. मुनवे (केळीच्या बुंध्याशी फुटणारे कोंब) कापताना कोयती कुठे बसते, बुंध्याजवळ वाकून औषध घालताना हात कुठे जातो, हे त्या वर्गात मला एकटीला माहीत होतं. मी हात वर केला आणि पहिल्यांदा पाच मिनिटं न अडखळता फ्रेंच बोलले. व्याकरणाच्या चुका नंतर मोजल्या, अकरा.

सोंडकिडा

वाचून जरा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. आमच्याकडे औषध मारताना हातमोजे घाला म्हणून सांगून घसा बसतो. हे मराठीत लिहा कुठेतरी, प्रबंध होईल तेव्हा होईल.

नवापूर_नाका

इकडे नंदुरबार जिल्ह्याची हजेरी लावतो. फ्रेंच आणि खान्देश म्हटलं की मला ताव्हेर्निये आठवतो. सतराव्या शतकातला हिऱ्यांचा फ्रेंच व्यापारी. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाताना आपल्यातूनच गेला: नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा. आपल्या नवापूरचं वर्णन काय करावं त्याने? गाव विणकरांनी भरलेलं, पण खरा व्यापार तांदळाचा. दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्म्याने लहान, शिजला की बर्फासारखा पांढरा, आणि कस्तुरीचा वास. मोठे लोक दुसरा तांदूळ खात नाहीत, आणि इराणात कुणाला भेट द्यायची तर याचं एक पोतं न्यावं, इतकं कौतुक.

गावांची नावं त्याने कानाला आली तशी लिहिलीत, चोपड्याचं 'शूप्र' केलंय. फ्रेंच येत असेल तर हे मूळातून वाचायला मिळेल या एकाच लोभाने मी 41 व्या वर्षी ऑनलाइन ए-वन लावलंय. बायको म्हणते, तांदळासाठी इतकं?

किचन_ते_पोर्टलुई

मी पारोळ्याचा. मॉरिशसला दोन वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये होतो. वरची सगळी चर्चा वाचून लिहायचा मोह झाला.

तिथे सरकारी काम इंग्रजीत, पेपर बहुतेक फ्रेंचमध्ये, आणि घरात, बाजारात, भांडणात क्रिओल. 1715 पासून 1810 पर्यंत फ्रेंचांचं राज्य, नंतर इंग्रजांचं, पण भाषा काही फ्रेंचांची हटली नाही. 1834 पासून आपल्याकडून मजूर गेले, ऊस तोडायला. पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, जिथे बोटीतून उतरवायचे. 2006 पासून तो जागतिक वारशात आहे. त्या मजुरांत मराठीही होते, जास्त करून कोकणातले. त्यांचे पणतू आज मराठी म्हणवून घेतात, गणपती बसवतात, शाळेत मराठी विषय घेतात. आमच्या किचनमध्ये एक होता. मराठी आडनाव, बोलायला मराठी जेमतेम, पण गणपतीची आरती तोंडपाठ.

आणि जंक्शन भाऊ, तुमच्या त्या ट्रेनवरून: क्रिओलमध्ये 'जेवून राह्यलो'ला म्हणतात 'मो पे मांझे'. ट्रेनच नाही. मधला 'पे' म्हणजे आपलं 'राह्यलो'. मला फ्रेंच काही आलं नाही, क्रिओल सहा महिन्यांत आलं. तिथल्या शिकलेल्या लोकांना माझं क्रिओल ऐकून बरं वाटायचं नाही, म्हणायचे फ्रेंच शीक. मी म्हणायचो, घरी पण असंच सांगतात.

मृगबाग

@किचन_ते_पोर्टलुई, 'मो पे मांझे' उद्या वर्गात फळ्यावर लिहिणार. परवानगी गृहीत धरते.

तुमच्यावरून सेनेगलचा उस्मान सेंबेन आठवला. आधी फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहायचा. मग लक्षात आलं, ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना वाचताच येत नाही. तो सिनेमाकडे वळला आणि 1968 मध्ये वोलोफमध्ये चित्रपट केला. हे शिकवताना आमच्या सरांनी विचारलं, तुमच्याकडे असं काही? बहिणाबाईंचं नाव माझ्या तोंडावर आलं. शाळेची पायरी न चढलेली आसोद्याची बाई, तिच्या ओव्या तिच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने उतरवून ठेवल्या म्हणून राहिल्या, 1952 ला पुस्तक आलं. पण सरांना मी दुसरंच सांगितलं: यूट्यूबवरची अहिराणी गाणी आणि कॉमेडी. लग्नात डीजेवर वाजतात ती. सर म्हणाले, त्यावर लिही. अजून हिंमत झाली नाही.

शहाद्याचा_पोरगा

ताई, मी बारावीला आहे, कला शाखा. फ्रेंचचं एक अक्षर येत नाही. मला एकदम विद्यापीठात घेतील का? की आधी पुण्यात क्लास लावावा लागेल? खर्च झेपणार नाही.

मृगबाग

@शहाद्याचा_पोरगा, घेतील. सगळ्यात आधी दिल्लीचं जेएनयू बघ. तिथे बीए ऑनर्स फ्रेंच अगदी अ-आ-ई पासून सुरू होतं, आधी भाषा येण्याची अट नाही. प्रवेश सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेच्या मार्कांवर. सरकारी विद्यापीठ, फी कमी, हॉस्टेल आहे. तिथल्या विभागाच्या नावातच 'फ्रेंच अँड फ्रँकोफोन' आहे, म्हणजे सेनेगलही आला. हैदराबादची इफ्लू (इंग्रजी आणि परदेशी भाषांची युनिव्हर्सिटी) हाही तसाच पर्याय, तीही केंद्राची. फॉर्मच्या तारखा आत्तापासून बघत राहा. आपल्याकडची निम्मी पोरं मार्कांवर नाही, तारखांवर मागे राहतात.

पुण्यात यायचं तर विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. सर्टिफिकेटपासून सुरू करता येतं, दुसरं शिक्षण चालू ठेवून. मी तोच रस्ता धरला. लांबचा आहे, पण एसटीसारखा, पोचवतो. मुंबईला कालिन्याला एमए होतं.

क्लासचे पैसे आत्ता घालू नकोस. फ्रेंच रेडिओवर परदेशी विद्यार्थ्यांसाठी सोप्या फ्रेंचमध्ये बातम्या असतात, फुकट. रोज दहा मिनिटं, समजल्या नाहीत तरी. जंक्शनने ऐकण्याचं सांगितलं ते लक्षात ठेव. पुढे एमएपर्यंत गेलास तर फ्रान्समधल्या शाळांत इंग्रजीचा सहायक म्हणून सुमारे सात महिने जाता येतं, मानधन मिळतं. आमच्या आधीच्या बॅचची एक मुलगी गेली होती. तिला तिथल्या मुलांनी पहिल्या दिवशी विचारलं, तुमच्याकडे हत्तीवरून शाळेत जातात का. ती म्हणाली, नाही, काळीपिवळीच्या टपावर बसून.

जंक्शन

आणि पोरा, फॉर्म भरताना नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रासारखीच टाक. तीन महिने गेले होते माझे.

धुळेकर_बापू

नातवाच्या बापाने शेवटचा परिच्छेद वाचला आणि त्याच्या वरचेही वाचले. आता म्हणतो, सोबत अकाउंट्स घे मग कर. म्हणजे अर्धा होकार.

अहिराणी_झेंडा

बापू, अर्धा नही, कात्र-व्हँ-दीस टक्के.

शहाद्याचा_पोरगा

धन्यवाद ताई, जंक्शन भाऊ. सीयूईटीची साइट उघडून ठेवलीय.

रात्री आजीला विचारलं, तुझं वय काय. आधी म्हणाली, काय माहीत. मग बोटं मोजली आणि म्हणाली, "चार ईसा न तीन." फ्रेंचमध्ये कसं म्हणायचं?

मृगबाग

कात्र-व्हँ-त्रवा. आजीला सांग, एक शब्दही बदलायची गरज नाही.